तेहतीस अनारशांची पेटी

माणूस देश सोडतो, पण संस्कृती त्याला सोडत नाही. हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणीतरी माईक हातात धरून म्हणतं, आणि बाकीचे जेवणाच्या रांगेकडे बघत टाळ्या वाजवतात. माझा अनुभव असा की ती सोडते. साधारण बावीस अंशांच्या खाली गेलं की सोडते.

आम्ही सौदीतल्या रास तनुऱ्याजवळ एका भाड्याच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंगला एकच मोठा एसी आहे आणि आमच्या हॉलमधल्या थर्मोस्टॅटवर मालकाने प्लास्टिकचं झाकण बसवून त्याला कुलूप लावलं आहे. घरात बारा महिने एकवीस अंश. बाहेर मे महिन्यात सेहेचाळीस. या भागात ही दोनच तापमानं सहज मिळतात. मधलं काही हवं असेल तर ते स्वतः तयार करावं लागतं. माणसाला त्याची गरज पडत नाही. तो एकवीसमधून निघतो, धावत गाडीपर्यंत जातो आणि पुन्हा एकवीसमध्ये बसतो. गरज पडते ती अनारशांच्या पिठाला.

त्या वर्षी अधिक महिना होता आणि मुलीच्या लग्नानंतरचा तो पहिलाच. अधिक महिन्यात सासूने जावयाला वाण द्यायचं असतं. त्या दिवसापुरता जावई विष्णूच्या जागी, आणि त्याला जाळीदार पदार्थ तेहतीस नग द्यायचा. तेहतीसच का, याची तीन वेगवेगळी कारणं मला तीन जाणकारांनी सांगितली आहेत. तिघांचाही आवाज सारखाच ठाम होता. मुलगी आणि जावई नेमके त्याच महिन्यात व्हिजिट व्हिसावर दोन आठवड्यांसाठी येणार होते, म्हणजे सुटकेला जागा नव्हती.

पत्नीच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट होती. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात माझ्या सासूबाईंचे अनारसे हसले होते. अनारसा हसतो म्हणजे तुपात सोडल्यावर पसरतो, फाटतो आणि कढईभर होतो; पीठ नीट मुरलं नसेल किंवा जास्त मुरलं असेल तर असं होतं. मला चांदीच्या ताटलीत चुरा मिळाला, त्यावर दिवा. मी तो दुधात घालून खाल्ला आणि छान लागतो म्हणालो. ते खरंही होतं. पण माझ्या आईने ती गोष्ट पुढे पंचवीस वर्षं, बहुतेक वेळा पत्नी शेजारी बसलेली असताना, पाहुण्यांना सांगितली.

"तेहतीस," पत्नी मला म्हणाली. "अख्खे. घरी केलेले. माझ्या आईचं झालं ते माझं व्हायला नको."

विहीणबाईंचा पुण्याहून फोन आला तेव्हा बोलणं साहजिकच तिकडे वळलं. फोन स्पीकरवर होता.

"खसखस मिळते का हो तिकडे?"

"नाही ना. मी बारीक रवा लावणार आहे."

"रवा? अहो, कसं दिसेल ते! ह्याच्या बॅगेत पाव किलोची पुडी टाकते की मी."

मी पेपर खाली टाकून उठलो. या देशात खसखस अमली पदार्थांत मोडते. "विहीणबाई," मी फोनजवळ जाऊन म्हणालो, "खसखस पाठवू नका."

"एवढीशी तर असते."

"ती एवढीशी एअरपोर्टवर सापडली तर तुमचा मुलगा हा अधिक महिनाच काय, पुढचेही दोन-तीन इथेच काढेल."

"इश्श! अनारशाची खसखस हो ती."

"तेच त्याला अरबीत सांगावं लागेल."

फोन ठेवल्यावर पत्नी म्हणाली, "किती तोडून बोलता हो तुम्ही!" पण रवा तिने त्याच दिवशी दोनदा चाळला.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून दळायचे, गूळ घालून गोळे करायचे आणि ते पाच-सहा दिवस डब्यात मुरू द्यायचे. भिजवण्यापर्यंत अडचण आली नाही. मुरण्यापाशी आली. पत्नीने अधिक महिना लागायच्या आधीच एक छोटा घाणा करून पाहिला होता. आमच्या एकवीस अंशांत गोळे सहा दिवसांनीही पहिल्या दिवशी होते तसेच. तळल्यावर त्यांच्या चकत्या झाल्या. त्यातली एक माझ्या हातून पडली आणि फरशीवर वाजली. दुसरा डबा तिने बाल्कनीत ठेवला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला आणि लगेच बंद केला.

मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. तापमान, दाब, पातळी मोजणारी उपकरणं आणि त्यांवर चालणारे कंट्रोलर हा माझा बावीस वर्षांचा धंदा. घरात अठ्ठावीस अंशांचा एक डबा तयार करणं मला जमू नये, ही गोष्ट माझ्या पगाराला शोभणारी नव्हती. म्हणून मी वाचायला बसलो आणि असं लक्षात आलं की आंबवण्याची उष्णतारोधक पेटी या विषयावर जगात खोल विचार एकाच जमातीने केला आहे: घरी बिअर करणाऱ्यांनी. पेटीच्या भिंती किती जाड असाव्यात, पंखा वर असावा की खाली, अर्धा अंश इकडचा तिकडे झाला तर काय होतं, यावर ही माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आहेत. वाचताना मला लहानपणी ऐकलेल्या सोवळ्याओवळ्याच्या चर्चा आठवल्या. तीच तळमळ, आणि समोरच्याला मूर्ख ठरवण्याची तीच घाई.

सौदीत बसून बिअरच्या पेटीचा आराखडा कागदावर उतरवताना मी जिथे जिथे बिअर होती तिथे 'पदार्थ' लिहिलं. हवा बाहेर सोडणारी नळी काढून टाकली. ती चित्रातही फार ओळखीची दिसत होती.

"कोणी विचारलं ह्यात काय आंबवता, तर काय सांगाल?" पत्नीने विचारलं.

"अनारसे."

"आणि अनारसे म्हणजे काय, ते?"

मी आराखड्याची घडी घातली. "कोणी विचारणार नाही," मी म्हणालो.

पेटी बांधायला चाचा आले. चाचा राजापूरकडचे. थंड पाइपलाइनींवर इन्सुलेशन चढवण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं इथे गेली, आणि कॅम्पवरचे सगळेच त्यांना चाचा म्हणतात. शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकून ते सुरी, पट्टी आणि चिकटपट्टीची चार भेंडोळी घेऊन आले. मी दम्मामहून थर्माकोल आणून ठेवला होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"साहेब, थर्माकोल मासळीला. ही काय मासळी आहे?"

पुन्हा दम्मामला जाऊन आम्ही पिवळ्या फोमच्या लाद्या आणल्या. मग मी माझा दस्तऐवज काढला. चार पानांचा होता. वर शीर्षक, खाली आवृत्ती क्रमांक शून्य, शेवटी धोक्यांचा तक्ता आणि दोन सह्यांची जागा. एक सही माझी होती. दुसरी पत्नीने नाकारली होती. चाचांनी चारही पानं शांतपणे पाहिली, "बरोबर आहे" म्हणाले आणि फरशीला डाग पडू नये म्हणून ती गोंदाच्या डब्याखाली ठेवली.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. प्लायवूडची पेटी, आत फोमचे दोन थर, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर कधीच येऊ द्यायचा नाही. प्रत्येक सांध्यावर चंदेरी पट्टी, आणि पट्टीवरून अंगठा दोनदा. दाराला टाकून दिलेल्या फ्रिजचं रबर. मी माझ्या बाजूने ओव्हनमध्ये लागतो तो पंचवीस वॅटचा दिवा बसवला, कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावला आणि दिवा चालू-बंद करायला एक स्वस्तातला कंट्रोलर जोडला.

"आमची आई सांदणाचं पीठ पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवायची," चाचा हात पुसत म्हणाले. "तिच्याकडे हे यंत्र नव्हतं बघा."

"मग तिचं पीठ कधी बिघडलं नाही?" मी विचारलं.

"बिघडायचं की. पण कोणाला दोष द्यायचा ते ठरलेलं नसायचं."

गोंद वाळावा म्हणून पेटी शनिवारी दिवसभर बाल्कनीत ठेवली. संध्याकाळी आत आणली, पत्नीने गुळाचे गोळे भरलेला डबा आत ठेवला, मी कंट्रोलर अठ्ठावीसवर लावला आणि दारावर चिठ्ठी चिकटवली: पाच दिवस उघडू नये. आकडा अडतीस दाखवत होता. पेटी बाल्कनीतून तापून आली होती, तेव्हा ते साहजिकच होतं. "इन्सुलेशन चांगलं आहे, हळूहळू उतरेल," मी म्हणालो. पत्नीला ते पटलं. मलाही पटलं.

रविवारी सकाळी ड्यूटीवर जाताना आकडा चव्वेचाळीस होता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण ती दुसरा कोणी माझ्या वतीने देणार नाही. प्लँटमध्ये एखादा आकडा न आवडणारा आला की ऑपरेटर पहिला फोन आम्हाला करतात: तुमचं मीटर चुकीचं दाखवतंय. बावीस वर्षं मी त्यांना एकच उत्तर देत आलो आहे, की मीटर बरोबर आहे, आधी तुमची टाकी बघा. नवीन आलेल्या इंजिनिअरांना मी यावर तासभराचं व्याख्यान देतो. त्यात स्लाइड्स आहेत. आणि त्या रविवारी माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, माझ्या स्वतःच्या मीटरवर चव्वेचाळीस बघून मी म्हणालो, "सेन्सर भिकार दिसतोय."

संध्याकाळी आकडा अठ्ठेचाळीस झाला. मी नवा सेन्सर मागवला आणि पत्नीने उगाच काळजी करू नये म्हणून आकड्यावर काळी चिकटपट्टी लावली.

मंगळवारी मुलगी आणि जावई आले. बॅगेत खसखस नव्हती; मी दम्मामच्या एअरपोर्टवरच तीनदा विचारून घेतलं. घरी चहा झाला, जावई हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी पाहायला गेलो तर ते पेटीसमोर उकिडवे बसले होते. दाराच्या रबरावरून बोट फिरवत होते.

"बाबा, हे फर्मेंटेशन चेंबर आहे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी पुण्यात असंच बनवलंय. तुमचे सांधे फार छान आलेत. माझे गळतात."

"अनारशांसाठी केलंत?" मागून पत्नीने फार आशेने विचारलं.

मुलगी हसायला लागली. "आई, अनारसे काय! हा बिअर करतो. बाल्कनीत."

पत्नी जावयाकडे बघत राहिली. अकरा दिवसांनी याच माणसाला विष्णू समजून ओवाळायचं होतं. "तुमच्या आईंना माहीत आहे?"

"आईच बाटल्यांवर लेबलं लावते," जावई म्हणाले. "तिचं अक्षर चांगलं आहे." मग त्यांनी कंट्रोलरकडे पाहिलं. "बाबा, ही पट्टी कशाला लावलीय?"

"सेन्सर खराब आहे."

त्यांनी नखाने पट्टी सोलली. त्रेपन्न. त्यांनी पेटीच्या भिंतीला तळहात लावला, दाराच्या फटीशी नाक नेलं, मग कंट्रोलरचं बटण दोनदा दाबलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "बाबा, हे कूलिंगवर आहे."

कंट्रोलरला दोन सेटिंग होती. एक गरम करण्यासाठी, एक गार करण्यासाठी. गार करण्याच्या सेटिंगवर तापमान अठ्ठावीसच्या वर गेलं की तो जोडलेलं उपकरण चालू करतो, कारण ते उपकरण फ्रिज असेल असं तो धरून चालतो. माझ्याकडे फ्रिज नव्हता, दिवा होता. आत गरम होतं म्हणून दिवा लागला, दिवा लागला म्हणून आणखी गरम झालं, आणि चाचांच्या सांध्यांमधून काहीही बाहेर गेलं नाही. माझ्या हाताखालचा ट्रेनी असं वागला असता तर मी त्याच्या कागदांवर शेरा मारला असता.

पत्नीने चिठ्ठी काढून दार उघडलं. डब्यात गोळे नव्हते. तपकिरी, चकचकीत, काकवीसारखं काहीतरी होतं, आणि वास असा की तिने एकदा खिडकीकडे बघून घेतलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि बोटाने घरं मोजली.

"वाणाच्या अमावास्येला अकरा दिवस आहेत," ती म्हणाली. "तीन भिजायला, एक वाळवायला आणि दळायला, पाच-सहा मुरायला. एक तळायला."

"होतील की मग," मी म्हणालो.

"होतील. तुम्ही पेटीला हात लावायचा नाही."

पेटी जावयाच्या ताब्यात गेली. इतक्या आनंदाने मी आजवर कोणाला सासुरवाडीचं काम करताना पाहिलेलं नाही. वाण ज्यांना द्यायचं तेच रोज सकाळी बनियनवर स्वयंपाकघरात बसून वहीत तापमान लिहायचे. रिकामी पेटी त्यांनी तीन दिवस पाण्याचं पातेलं ठेवून चालवून पाहिली. अठ्ठावीसवर सेट केली, सत्तावीस पूर्णांक आठ ते अठ्ठावीस पूर्णांक तीन, त्याबाहेर नाही. सेन्सर पहिल्यापासून उत्तम होता. नवा आला तो मी कपाटात ठेवून दिला.

शुक्रवारी चाचा चौकशीला आले. झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेटीच्या बाहेरच्या बाजूला हाताची पालथी बाजू लावली.

"म्हणजे माझी पेटी वाईट असती तर अनारसे वाचले असते."

"तसंच म्हणायचं."

"वहिनी," ते आत बघून म्हणाले, "पुढच्या वेळी साहेबांना सांगा, मला भोक ठेवायला सांगा."

"पुढच्या वेळी ते बाहेर बसणार आहेत चाचा," आतून आवाज आला.

पत्नी रोज एकदा पेटीजवळ उभी राहायची. उघडायची नाही. मुलगी तिला म्हणाली, "आई, रिलॅक्स. नाही झाले तर आपण बर्फी देऊ, त्याला काय कळतंय!" त्यावर ती म्हणाली, "त्याला नसेल कळत." एवढंच. जावई तिथेच वही घेऊन बसले होते. ते आणखी खाली वाकून लिहू लागले.

पाचव्या दिवशी तिने डबा काढला, एक गोळा दोन बोटांत दाबला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. "उद्या," ती म्हणाली.

अमावास्येला सकाळी आम्हा तिघांना स्वयंपाकघराबाहेर काढण्यात आलं. मी दारात उभा राहण्याची परवानगी मागून घेतली. रव्यावर गोळा थापायचा, रव्याची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पहिला अनारसा तिने सोडला आणि तो क्षणभर काहीच न करता तुपात बसून राहिला. मग कडा थोड्या पसरल्या. तिचा झारा हवेत थांबला. कडा तिथेच थांबल्या, मध्ये बारीक बारीक भोकं पडायला लागली आणि सगळ्या चकतीवर जाळी आली. तिने तो काढून चाळणीत उभा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक."

मी मोजत होतो, पण मोठ्याने ती. सातवा हसला. अठरावा आणि एकोणिसावा लागोपाठ हसले; तिने गॅस कमी केला, कपाळ मनगटाने पुसलं आणि पुढचा थापला. फाटलेले ती बाजूच्या ताटलीत टाकत होती आणि ते मोजत नव्हती. तेहतिसावा चाळणीत उभा राहिला तेव्हा डब्यात दोन गोळे उरले होते. ते तिने तळलेच नाहीत.

दुपारी पाट मांडला. जावयांना कुर्ता घालून बसवलं, ताटात तेहतीस अनारसे रचले, वर तुपाचा दिवा ठेवला. मुलीने फोन उभा धरला होता, कारण पुण्याहून विहीणबाई बघत होत्या. पत्नीने कुंकू लावलं, ओवाळलं, वाण जावयाच्या हातात दिलं आणि मग ताट थोडं कॅमेऱ्याकडे वळवलं. फार नाही, थोडंसंच.

"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या. "जवळ आण गं जरा. काय सुरेख जाळी पडली आहे! आणि सगळे एकसारखे."

पत्नीने दिव्याची वात सारखी केली. पण मी तिला तीस वर्षं ओळखतो. तिचे खांदे अर्धा इंच खाली आले.

"कुठून मागवले?" विहीणबाईंनी विचारलं.

दिव्याचं तूप कमी होत होतं.

"घरी केले," पत्नी म्हणाली.

"घरी! सगळे? अहो, एवढा खटाटोप कशाला केलात? इथे दुकानात हवे तितके मिळतात. मी तर कधी करतच नाही." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "पण हे फारच छान हं. दुकानातल्यासारखेच झालेत."

"हो," पत्नी म्हणाली, आणि हसली. खरंच हसली. माझ्याकडे बघून तिने ताटातला एक अनारसा उचलला, अर्धा मोडून मला दिला आणि उरलेला स्वतः खाल्ला, विष्णूच्या आधी.

दोन दिवसांनी ते दोघं पुण्याला परत गेले. कंट्रोलर जावयांनी मागून नेला. पुढचा अधिक महिना पावणेतीन वर्षांनी आहे. पेटीत सध्या कांदे ठेवले आहेत.